शाळा बघण्याचा कार्यक्रम

भाच्याला दुबईची नोकरी लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं मला एक एक्सेल शीट पाठवली. मला वाटलं पगाराचा हिशेब असेल, मामाला जळवायला. उघडून बघतो तर ३१ शाळा आणि २३ रकाने. फी, बस, पोहण्याचा तलाव, तलावावर छप्पर आहे का, रोबोटिक्स, घोडेस्वारी, फ्रेंच, कॅन्टीनमध्ये शाकाहारी काय मिळतं, मेट्रो स्टेशन किती लांब. हवंसं ते हिरव्या रंगात, नकोसं ते लाल रंगात. मी सगळे रकाने दोनदा वाचले. ‘शिक्षक’ नावाचा रकाना नव्हता.

फोन केला. म्हटलं, “अरे, शिकवतं कोण तिथं?”

“मामा, तू पण ना! ते असतातच.”

असतात बाबा. लग्नात भटजी असतात तसे. फोटो मात्र मांडवाचे काढायचे.

पूर्वी आमच्या घरात स्थळं बघायचे. एक वही असायची, तिच्यात नाव, गोत्र, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, अशी नोंद असायची. आता त्याच उत्साहानं शाळा बघतात. पत्रिकेच्या जागी तपासणीचा अहवाल आला, मध्यस्थाच्या जागी ‘अ‍ॅडमिशन कौन्सेलर’ आली, आणि हुंड्याला ‘रजिस्ट्रेशन डिपॉझिट’ असं सभ्य नाव मिळालं. फरक एवढाच की तेव्हा वरपक्ष ठरलेला असायचा. आता पोहे आपणच करायचे, पैसेही आपणच द्यायचे, आणि नकार येईल म्हणून रात्रभर जागायचंही आपणच.

बरं, बाजार केवढा! दुबईत दोनशेच्या वर खासगी शाळा, सतरा प्रकारचे अभ्यासक्रम आणि पावणेचार लाखांच्या वर मुलं. डोंबिवलीत वडापावच्या गाड्या मोजायला गेलात तरी सतरा प्रकार भरणार नाहीत. आपल्या लोकांचा तिथला पाया जुना आहे. इंडियन हायस्कूल १९६१ सालचं, म्हणजे संयुक्त अरब अमिरात हा देश जन्मायच्या दहा वर्षं आधीचं. ‘अवर ओन इंग्लिश हायस्कूल’ १९६८ सालचं, केरळातून आलेल्या एका शिक्षक जोडप्यानं काढलेलं. त्या जोडप्याच्या मुलानं पुढं त्यातून शाळांचं साम्राज्य उभं केलं. आपण मात्र परदेशी गेलो की आधी मंडळ काढतो, मग मंडळाचं दुसरं मंडळ.

फीचं म्हणाल तर काही भारतीय शाळांत वर्षाला आठ-दहा हजार दिरहममध्ये भागतं. दिरहम चोवीस-पंचवीस रुपयांचा धरा. वरच्या टोकाला लाख दिरहम ओलांडलेल्या शाळा आहेत. २०२५ साली उघडलेल्या एका शाळेत तर मोठ्या वर्गांची फी वर्षाला २ लाख ६ हजार दिरहम आहे. रुपयांत गुणाकार केला आणि मी पाणी प्यायलो. एवढ्यात आमच्या गल्लीतलं वन रूम किचन येतं, आणि ते दहावीनंतरही आपलंच राहतं.

भाचा म्हणाला, “पण मामा, ती इंटरनॅशनल आहे.”

या शब्दावर कुणाचीच मालकी नाही. कुणीही उठावं आणि फलकावर रंगवावं. चाकणपासून चांदवडपर्यंत हायवेनं जा, उसाच्या फडापलीकडे एखादी इंटरनॅशनल स्कूल दिसतेच. तिच्यातलं सर्वांत लांबून आलेलं मूल शेजारच्या तालुक्यातलं असतं. मध्यंतरी आपल्या सरकारनंही ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ काढलं, जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या. पुढं सरकार बदललं आणि मंडळ गुंडाळलं. आंतरराष्ट्रीय दर्जा मंत्रालयाचा जिना उतरेपर्यंत टिकला. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला तो खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला. तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ नाही. फी विचारू नका, एक्सेलमध्ये शून्य टाकलं की सूत्र बिघडतं.

या प्रकाराचा उगम मात्र सरळ होता. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघाचं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कामकाज चालू होतं. देशोदेशीचे अधिकारी बायकामुलांसह तिथं आलेले. आज आहेत, उद्या नाहीत. त्यांच्या पोरांसाठी ‘इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा’ निघालं. पुढं अशाच फिरत्या पोरांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात घेता यावं म्हणून १९६८ साली जिनिव्हातच आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, डिप्लोमा जन्माला आला. थोडक्यात, ज्यांचा मुक्काम पक्का नाही त्यांच्यासाठी केलेली ती सोय होती. धर्मशाळेसारखी. आपण धर्मशाळेला राजवाडा समजून रांग लावली.

म्हणून मी भाच्याला एकच विचारलं, “किती वर्षांसाठी चाललायस?”

फोनवर शांतता. दुबईच्या वाळवंटात एवढी शांतता नसेल.

“बघू,” तो म्हणाला. “दोन-तीन वर्षं. मग बघू.”

हे ‘बघू’ फार महागात पडतं. कारण तुम्ही शाळा निवडता असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात तुम्ही तिकीट काढत असता. सीबीएसई म्हणजे परतीचं तिकीट. तीच पुस्तकं, तीच दहावी, तीच बारावी, पुढं तेच जेईई नि तेच नीट. नीटचं केंद्र तर २०२१ पासून दुबईतच आहे, म्हणजे टेन्शनसाठी कोट्याला जायला नको. ब्रिटिश अभ्यासक्रम म्हणजे एकेरी तिकीट. आयजीसीएसई, मग ए लेव्हल, मग लंडन किंवा मेलबर्न, मग आजी-आजोबांना व्हिडिओवर औक्षण. आयबी म्हणजे तारीख न टाकलेलं तिकीट, कुठंही जा, कधीही जा, आणि म्हणूनच भाव चढा.

वाटेत गाडी बदलता येत नाही का? येते, आठवीपर्यंत. सीबीएसईत मुलांची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत घुसायचं तर बदलीचे कागद हवेत, कारणं हवीत, मंडळाची परवानगी हवी. तिकडे आयजीसीएसईचा अभ्यासही दोन वर्षांचा सलग असतो. म्हणजे ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाची मुलगी चौदा वर्षांची झाली की बघायचं संपलं. पुढचं तिनं बघायचं, तेही खिडकीतून.

एवढं मी सांगितलं तर भाचा म्हणाला, “मामा, तू फार निगेटिव्ह आहेस. आधी शाळेचा व्हर्च्युअल टूर बघ.”

बघितला. संगमरवरी पायऱ्या, काचेच्या भिंती, वाचनालयात पुस्तकांपेक्षा उशा जास्त. सगळी मुलं हसत होती. गणिताच्या वर्गातसुद्धा हसत होती, तेव्हाच माझा विश्वास उडाला.

मग तपासणीचा अहवाल. दुबईत के-एच-डी-ए नावाचं सरकारी प्राधिकरण शाळांना सहा दर्जे देतं : आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. ही उत्तम सोय आहे. अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात आणि त्यात मुख्याध्यापकांनाही सोडलेलं नसतं. आपल्याकडे शिक्षणाधिकारी येऊन जातात त्याचा पुरावा फक्त नारळ नि शाल. पण भाचेसुनेनं वाचलं काय? पहिल्या पानावरचा एक शब्द. म्हणाली, “मामा, तुम्ही सांगा, ‘गुड’ शाळेत घालायची का आपली चिऊ? लोक काय म्हणतील?”

मी म्हटलं, “अगं, गुड म्हणजे चांगली.”

“नाही हो मामा. तिकडे गुड म्हणजे बरी.”

दर्जांची ही महागाई मला नवीन होती. शिवाय बरीच वर्षं फी किती वाढवता येईल तेही या दर्जाशी बांधलेलं होतं, म्हणजे शाळा सुधारली की आईबापांचा खिसा ढासळायचा. आणि २०२४-२५ मध्ये तर सरसकट तपासणी झालीच नाही. तेव्हा फाटकावरच्या ‘आउटस्टँडिंग’चं साल आधी वाचा. लग्नाच्या बाजारातसुद्धा मुलाचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा निघतो, हे विसरू नये.

यानंतर वर्गाचा घोळ. चिऊ इथं तिसरीत. ब्रिटिश शाळेत तिचा वर्ग ‘इयर फोर’. कारण ते पाच वर्षांच्या पोरालाच इयर वन म्हणतात. ताईनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, सोसायटीत सांगून टाकलं की दुबईवाल्यांनी नातीची हुशारी बघून एक इयत्ता पुढं ढकलली. मी दुरुस्ती केली नाही. आजीच्या आनंदावर कुठल्याच प्राधिकरणाची तपासणी नसते. वर पुन्हा भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि ब्रिटिश शाळांचं ऑगस्टच्या शेवटी. भाचा जाणार जुलैत. म्हणजे एकीकडे पोरगी तीन महिने उशिरा पोचणार, दुसरीकडे दोन महिने लवकर. आमच्या घरात वेळेवर पोचण्याची परंपरा नव्हतीच.

मग आली मुलाखत. व्हिडिओवर. आधी ‘कॅट-फोर’ नावाची चाचणी, त्यात आकृत्या फिरवायच्या. मग मुख्याध्यापिकाबाईंशी गप्पा. भाचेसुनेनं आठवडाभर तयारी करून घेतली. चिऊच्या मागे मुद्दाम पुस्तकांचं कपाट आणून ठेवलं, त्यातून माझी जुनी दिवाळी अंकांची चवड काढून टाकली. बाईंनी इंग्रजीत प्रेमानं विचारलं, “तुझ्यात इतरांपेक्षा वेगळं काय आहे?”

चिऊ म्हणाली, “माझा एक दात हलतोय.” आणि हलवून दाखवला.

बाई खूश झाल्या. आई पडद्याबाहेर कपाळ धरून बसली. कारण ठरलं होतं ‘मला आव्हानं आवडतात’ असं सांगायचं. आठ वर्षांच्या पोरीला आव्हानं आवडतात! पोरीला आवडतं ते भातावर मेतकूट.

त्याच घरात वर्षभरापूर्वी काय वातावरण होतं ते सांगतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली. गदारोळ झाला, जूनच्या शेवटी निर्णय मागं घेतला गेला. तेव्हा भाचा पेटून उठलेला. लहान मेंदूवर तीन भाषांचं ओझं, असे रोज पाच-सहा संदेश मला यायचे. परवा फोनवर म्हणाला, “मामा, तिकडे सगळ्या खासगी शाळांत अरबी सक्तीचं आहे. चिऊला इंग्रजी, अरबी, फ्रेंच आणि मराठी, चार भाषा येतील! लहान मेंदू स्पंजसारखा असतो.” त्याच मेंदूचा विमानतळावर स्पंज झाला. मी अरबीच्या बाजूनं आहे. ज्या गावात राहायचं तिथली भाषा शिकावी, हे आपण मुंबईत आलेल्यांना सांगतोच की. पण चौथी भाषा मोजताना भाच्यानं मराठी शेवटी घेतली, ते माझ्या कानाला टोचलं. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा २०२० साली झाला. तो कायदा विमानात चढत नाही. तिथं कायदा म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर कोणत्या भाषेत ‘अजून वाढू का’ विचारतात, तेवढंच.

अशा मुलांसाठी इंग्रजीत एक देखणा शब्द आहे : ‘थर्ड कल्चर किड’. रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो दिला, आणि गंमत म्हणजे १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. आईबापाची संस्कृती एक, मुक्कामाच्या गावाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये मुलांची स्वतःची तिसरी. आपल्या आज्या त्याला ‘ना धड इथली ना धड तिथली’ म्हणायच्या. बाईंचं म्हणणं अर्थातच जास्त दयाळू होतं. ती मुलं कुठंही जुळवून घेतात, चार देशांत मित्र असतात, माणसाकडे मोकळेपणानं बघतात, हे सगळं खरं. फक्त ‘तू कुठली?’ हा दोन शब्दांचा प्रश्न त्यांना निबंधासारखा पडतो.

आता हिशेब. भाच्याच्या कंपनीनं पत्रात ‘एज्युकेशन अलाउन्स’ लिहिलाय. तो वाचून घरात पुन्हा पेढे. मी पत्राची खालची बारीक ओळ वाचली, मर्यादा आहे. फीच्या वर बस, गणवेश, पुस्तकं, आयपॅड, सहली. गणवेश दोन, कारण खेळाचा वेगळा. तिथं घरभाडंही पुढच्या तारखांच्या चेकांनी देतात आणि कित्येक शाळांची फीसुद्धा. म्हणजे पोरगी शाळेत पाय ठेवण्याआधी बापाच्या चेकबुकाचं पुढचं वर्ष संपलेलं. आणि घर कुठं घेणार? करामा, बर दुबईला आपली माणसं, देऊळ, वाणसामान सगळं हाताशी. भाडं परवडेना म्हणून शारजाला जावं तर पोरगी पहाटे सहाला बसमध्ये, रस्ता तुंबलेला, परत येताना उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा. पण शीटमध्ये मेट्रोचं अंतर आहे, पोरीच्या झोपेचा रकाना नाही. आठ वर्षांच्या पोरीला मेट्रोनं शाळेत कोण पाठवणार आहे, हे मी विचारलं नाही. घोडेस्वारी आहेच.

आणि कागद! शाळा सोडल्याचा दाखला नुसता चालत नाही, त्यावर शिक्के लागतात. शाळेचा, शिक्षण खात्याचा, परराष्ट्र खात्याचा, दूतावासाचा. आळंदी ते पंढरपूर कमी मुक्कामात होतं. त्यात आपलं नाव तीन मजली. मुलीचं, बापाचं, आडनाव. पासपोर्टवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, शाळेत ताईनं हट्टानं लावलेलं पाळण्यातलं तिसरं. एका नातीच्या तीन कागदांवर तीन मुली. आंतरराष्ट्रीय होण्याआधी तिला एक व्हावं लागलं.

शेवटी मीच त्याच्या शीटला चार रकाने जोडून पाठवले. एक, शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात? कारण बाहेरून करारावर आलेले मास्तर दोन वर्षांत दुसऱ्या देशी जातात, आणि पोरांना दर जूनला निरोप समारंभ. दोन, अहवालातलं शेवटचं पान, सुधारणा काय सुचवल्यात? तीन, बस घरापासून शाळेपर्यंत किती मिनिटं? चार, मुक्काम किती वर्षं?

पहिल्या तीन रकान्यांची उत्तरं भाचेसुनेनं दोन दिवसांत भरून पाठवली. पोरगी कामाची आहे. शाळांना ई-मेल केले, करामात राहणाऱ्या दोन मराठी आयांना फोन केले, सकाळची बस कुठं नि किती वाजता थांबते तेही विचारलं. ३१ पैकी २४ शाळा तिनं एका संध्याकाळी उडवल्या, त्यांत तलावावर छप्पर असलेली पण होती. चौथा रकाना कोरा आला.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. चिऊला एका भारतीय शाळेत घातलं. दर्जा ‘गुड’, म्हणजे बरी. फी अलाउन्समध्ये बसते, बस वीस मिनिटं, सीबीएसई. मी मनात म्हटलं, आलं ताळ्यावर. परतीचं तिकीट काढलं.

रविवारी ताईकडे जेवायला गेलो. फोन स्पीकरवर होता. ताई चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली, तिला आडवळणानं विचारता येत नाही.

“शाळा चांगली ना रे?”

“चांगली आहे आई. पण आम्ही त्या दुसऱ्या ब्रिटिश शाळेतपण नाव घालून ठेवलंय. डिपॉझिट भरलंय. सीट रिकामी झाली की कळवतील.”

“मग ही कशाला?”

“ही तोपर्यंत.”

ताई थोडं थांबली. आमटी ढवळली. मग म्हणाली, “आणि तुम्ही? परत कधी येणार?”

फोनमधून दुबईची ती शांतता पुन्हा आली. मग भाचा म्हणाला, “बघू आई. वेटिंग लिस्ट आहे.”

कुठल्या बाजूची, ते त्यानं सांगितलं नाही. ताईनं गॅस बंद केला आणि पाच ताटं वाढली. आम्ही दोघंच होतो.